गाणं तिचं, नाव कोणाचं?

आठ मार्चच्या तयारीची बैठक होती. आमच्या गटातली सगळ्यांत धाकटी कार्यकर्ती, बावीस वर्षांची, म्हणाली, सभा सुरू होण्याआधी नेहमीच्या गाण्यांसोबत एक इंग्रजी गाणं लावू या. 'नो डाउट' नावाच्या अमेरिकन बँडचं 'जस्ट अ गर्ल'. तिनं मोबाईलवर ते ऐकवलं. गाणं संपायच्या आतच आमच्या एका ज्येष्ठ मैत्रिणीनं हात वर केला. "हे बाजारू आहे. पोट उघडं टाकून नाचणाऱ्या गोऱ्या बाईचं प्रेमभंगाचं रडगाणं आपण आठ मार्चला का वाजवायचं? चळवळीची गाणी संपली का?" धाकटी म्हणाली, "ताई, हे स्त्रीवादी गाणं आहे. जगभरच्या मुली म्हणतात." ज्येष्ठ म्हणाली, "जगभरच्या मुली कोकाकोलाही पितात." सगळ्या हसल्या, चहा आला, विषय संपला.

माझा मात्र संपला नाही. घरी येऊन मी रात्रभर त्या दोघींशी मनातल्या मनात भांडत होते. हे गाणं ज्या अल्बममध्ये आहे त्या 'ट्रॅजिक किंगडम'शी माझी ओळख जुनी आहे. १९९७ साली मी पुण्याला भाचीकडे उतरले होते. तिच्या टेपरेकॉर्डरवर दिवसभर एकच कॅसेट चाले. मला इंग्रजी गाणी पहिल्या फेरीत तेव्हाही कळत नसत, आजही कळत नाहीत. पण कॅसेटच्या डबीतली घडीची चिठ्ठी उलगडून तिच्यावरची बारीक अक्षरं वाचायची मला तेव्हा खोड लागली होती. ती का लागली ते मी शेवटी सांगणार आहे. ते सांगितल्याशिवाय हा लेख लिहायचा मला हक्कच नाही. तर त्या चिठ्ठीत प्रत्येक गाण्याखाली ते कोणी रचलं त्यांची नावं होती, आणि चौदापैकी बहुतेक गाण्यांखाली एका बाईचं नाव होतं. ग्वेन स्टेफानी. मी भाचीला विचारलं, "ही कोण?" भाची म्हणाली, "अगं, ती गाते ती. ती टिकली लावते ती."

ती गाते. ती टिकली लावते. ती लिहिते, हे भाचीला ठाऊक नव्हतं. कॅसेट तिचीच होती, पाठ झालेली होती, तरी ठाऊक नव्हतं. या लेखाचा विषय एवढाच आहे.

ज्यांनी 'स्का' हा शब्द ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडं. हे संगीत जमैका बेटावर १९५०च्या दशकाच्या अखेरीस जन्मलं, रेगीच्या आधी. दोन ठोक्यांच्या मधली जी जागा आपण मोकळी सोडतो, नेमकी तिथं गिटारची झटक्यासरशी छेड पडते आणि वर ट्रम्पेट-ट्रॉम्बोनचा गजर. पाय आपोआप हलतात. पोटासाठी इंग्लंडला गेलेल्या जमैकन लोकांबरोबर ते तिकडे पोचलं. तिथं १९७९च्या सुमारास कॉव्हेंट्री शहरात काळ्या-गोऱ्या पोरांनी 'टू टोन' या नावाखाली, वंशद्वेषाला तोंडावर उत्तर म्हणून, ते पुन्हा उभं केलं. पुढे अमेरिकेतल्या, विशेषतः कॅलिफोर्नियातल्या पोरांनी त्याला पंकची धाव आणि आरडाओरडा जोडला. ते स्का पंक.

ही वंशावळ मी 'पोरांनी' म्हणून सांगितली, कारण ती तशीच सांगितली जाते. वास्तविक स्काचं जमैकाबाहेर जगभर गाजलेलं पहिलं गाणं १९६४ साली मिली स्मॉल नावाच्या सोळा वर्षांच्या जमैकन मुलीनं गायलं होतं. टू टोनमध्ये 'द सिलेक्टर' या बँडच्या पुढे पॉलीन ब्लॅक उभी होती. आणि त्याच टू टोनमध्ये 'द बॉडीस्नॅचर्स' हा सातच्या सात बायकांचा बँड होता. १९८० साली त्यांच्या दोन छोट्या तबकड्या निघाल्या आणि त्याच वर्षी बँड मोडला. त्यांचा अल्बम निघालाच नाही. त्यांनी रचलेलं पहिलं गाणं बलात्काराबद्दल होतं, 'द बॉयलर'. ते १९८२ साली त्यांची गायिका रोडा डकार हिनं दुसऱ्या बँडबरोबर प्रसिद्ध केलं, आणि रेडिओनं ते फारसं वाजवलंच नाही. मथुरा प्रकरणावरून आपण इकडे १९८० साली रस्त्यावर आलो होतो, जवळजवळ तेच दिवस. त्या बायकांची गाणी एका अल्बममध्ये एकत्र यायला २०१४ साल उजाडावं लागलं. रोडा डकारनं ती पुन्हा गायली, लोकवर्गणीतून. चौतीस वर्षं! तेव्हा स्का पंकच्या दुनियेत एखाद्या बाईच्या शब्दांचा अल्बम निघणं, तो टिकणं, ही काही आपोआप होणारी गोष्ट नव्हती.

आता 'ट्रॅजिक किंगडम' कसा झाला ते बघा. बँड १९८६ साली ॲनाहाइम गावात सुरू झाला. तेच ॲनाहाइम, जिथं संत्र्यांच्या बागा तोडून १९५५ साली डिस्नेलँड उभं राहिलं. डिस्नेच्या 'मॅजिक किंगडम'वरूनच अल्बमच्या नावाची कोटी आहे: जादूचं राज्य नव्हे, शोकांतिकेचं. बँड सुरू केला ग्वेनचा मोठा भाऊ एरिक यानं. गाणी तो रचायचा, पियानो-कीबोर्ड तो वाजवायचा, बहिणीला ओढून आणलं तेही त्यानंच. मूळ गायक १९८७ साली गेला आणि पुढे ग्वेन मुख्य गायिका झाली. पण गायिका म्हणजे भावानं लिहिलेलं गाणारी. आपल्याकडे कीर्तनात टाळकरी असतो, तसंच काहीसं. आवाज तिचा, बोलणं त्याचं.

त्यांचा पहिला अल्बम इंटरस्कोप कंपनीनं १९९२ साली काढला. जेमतेम तीस हजार प्रती खपल्या. त्या वर्षी अमेरिकेत उदास, जड गिटारांचा जमाना होता. यांचं उड्या मारणारं संगीत रेडिओला नको होतं. कंपनीनं हात आखडता घेतला. पण सोडलंही नाही. करार होता ना. नवं करू देईना, मोकळंही करीना. नांदवायचं नाही आणि सोडचिठ्ठीही द्यायची नाही, हा प्रकार आपल्या सल्ला केंद्रात येणाऱ्या बायकांना समजावून सांगावा लागणार नाही. दुसऱ्या अल्बमचं काम १९९३ला सुरू झालं ते १९९५पर्यंत रखडत चाललं, लॉस एंजेलिसच्या आसपासच्या तब्बल अकरा स्टुडिओंत, जेव्हा जिथं मोकळी वेळ मिळेल तिथं. मधल्या काळात वैतागून त्यांनी १९९५ साली कंपनीला न विचारता घरच्या घरी एक अल्बम ध्वनिमुद्रित करून स्वतःच विकला. तो पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त खपला. तेव्हा कुठे कंपनीला जाग आली.

याच दिवसांत दोन गोष्टी घडल्या. कंपनीनं मॅथ्यू वाइल्डर हा बाहेरचा निर्माता आणून बसवला, गाणी जरा विक्रीजोगी करायला. एरिकला ते सहन झालं नाही. आपलं गाणं दुसऱ्यानं कापायचं म्हणजे काय? तो तालमींना येईना, आणि शेवटी बँड सोडून 'द सिम्पसन्स' या कार्टून मालिकेत चित्रं काढायला गेला. दुसरं म्हणजे ग्वेन आणि बँडमधला बेस वाजवणारा टोनी कनाल यांचं सात वर्षांचं नातं तुटलं. तोडलं त्यानं.

म्हणजे एकाच वेळी घरातला लिहिणारा गेला आणि जवळचा माणूस गेला. आणि कामाला तर रोज जायचं, त्याच टोनीबरोबर, त्याच खोलीत. तिनं वही उघडली. भावानं प्रेमगीत म्हणून सुरू केलेलं 'डोन्ट स्पीक' तिनं शब्द बदलून तुटण्याचं गाणं केलं, आणि त्याच्यावर बेस वाजवला टोनीनं. ज्याच्याबद्दल आहे तोच साथीला. 'स्पायडरवेब्ज' हे गाणं पिच्छा पुरवून फोन करणाऱ्या, फोनवर भिकार कविता वाचून दाखवणाऱ्या माणसाबद्दल आहे. हे मला सगळ्यांत आवडतं, कारण असा माणूस प्रत्येकीला माहीत असतो आणि त्याच्यावर कोणी गाणं लिहीत नाही. आणि 'जस्ट अ गर्ल'? रात्री उशिरा टोनीच्या घरून एकटी गाडी चालवत आली म्हणून बाप ओरडला. विशी ओलांडलेली, शेकडो लोकांपुढे गाणारी बाई, आणि बाप म्हणतो, इतक्या रात्री एकटी कशी आलीस? त्यावर तिनं गाणं लिहिलं. उपरोधाचं. हो बाई, मी पडले मुलगी, मला काय कळतंय, अशा सुरातलं.

माझ्या ज्येष्ठ मैत्रिणीला मी इथं थांबवते. ताई, "रात्री एकटी कशी आलीस" हे वाक्य आपण कोणत्या भाषेत ऐकलं नाही? १९८३ साली ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' आलं तेव्हा तू आणि मी गावोगाव त्याचे प्रयोग लावत हिंडलो. त्याच्या नावातच उपरोध आहे. मुलगी झाली, हाय रे दैवा! तो उपरोध आपल्याला लगेच कळला, कारण आपल्या भाषेत होता. कॅलिफोर्नियातली पोरगी "मी नुसती मुलगी" म्हणाली तर ते रडगाणं? मैफलीत ती आधी पुरुषांकडून ती ओळ घोकून म्हणवून घ्यायची, मी नुसती मुलगी, मी नुसती मुलगी, आणि हजारो टगे ती म्हणायचे. मग मुलींकडे वळायची. आपल्या पथनाट्यात आपण दुसरं काय करतो?

आणि प्रेमभंग. 'जे खाजगी तेच राजकीय' ही घोषणा आपण पोस्टरवर लिहून लिहून हात दुखवले. मग एका बाईनं सात वर्षांच्या नात्याचा पंचनामा केला की तो एकदम 'खाजगी' कसा होतो? मार खाल्लेल्या बाईचं दुःख चळवळीचं आणि टाकलेल्या बाईचं दुःख सिनेमाचं, अशी प्रतवारी आपण कधी लावली? पोटाबद्दल तर मी बोलतच नाही. फडावर ऊस तोडणाऱ्या बाईचं पोट दिसतं तेव्हा आपल्याला तिचे कष्ट दिसतात. गाणाऱ्या बाईचं दिसलं की फक्त पोट दिसतं.

पण धाकटे, तूही ऐक. तू म्हणतेस स्त्रीवादी गाणं. गाणं असेल. अल्बम विकला कसा गेला तेही बघ.

१० ऑक्टोबर १९९५ला 'ट्रॅजिक किंगडम' निघाला. मुखपृष्ठावर पुढे लाल झग्यातली ग्वेन, हातात माशा घोंघावणारं संत्रं. सहकारी पुरुष मागे, लांब, बागेत. पहिलं गाणं हळूहळू चढलं. अमेरिकेच्या यादीत अल्बम पहिल्या नंबरावर पोचला तो १९९६च्या डिसेंबरात, निघाल्यावर वर्ष उलटून गेल्यावर, आणि नऊ आठवडे राहिला. जगभर त्याच्या दीड कोटीहून जास्त प्रती खपल्या. 'डोन्ट स्पीक' अमेरिकेच्या रेडिओवर सोळा आठवडे पहिलं होतं, पण कंपनीनं ते तिकडे सुटं विकलंच नाही. गाणं हवंय? मग सगळा अल्बम घ्या. किलोभर कांद्यांवर एक कोथिंबिरीची जुडी फुकट, त्याच्या उलटं. एका बाईच्या फुटलेल्या मनाला असा भाव आला. पुढे बँड कोणाचा यावरून दोन कंपन्या कोर्टातही गेल्या.

आणि या सगळ्या पसाऱ्यात पुढे काय ठेवलं? तिचा चेहरा. मासिकांच्या मुखपृष्ठांवर ती. फोटोग्राफर बँडचा फोटो काढायला यायचे आणि बाकीच्यांना म्हणायचे, जरा बाजूला होता का? मुलाखतीत पहिला प्रश्न, "गाणं टोनीबद्दलच ना?" तू ते लिहिलंस कसं, चाल आधी की शब्द आधी, भावाचा हात सुटल्यावर पहिलं कडवं कसं जमलं, हे प्रश्न पुरुष गीतकाराला विचारतात. बाईला विचारतात, कोणी सोडलं?

आता मला जे खरोखर झोंबतं ते. 'डोन्ट स्पीक'ची चित्रफीत बघा. सोफी म्यूलर या दिग्दर्शिकेनं केली आहे, उत्तम केली आहे. त्यात काय दाखवलंय? तिचं नातं तुटलेलं? नाही. कॅमेरे फक्त ग्वेनकडे वळतात आणि बँडमधले पुरुष नाराज होतात, बाजूला पडतात, ते दाखवलंय. पुरुषांची ती नाराजी खोटी नव्हती, मी त्यांना दोष देत नाही. नऊ-दहा वर्षं घाम गाळल्यावर कोणालाही लागेल. पण काय झालं ते लक्षात घ्या. एका बाईनं स्वतःच्या दुखण्यावर गाणं लिहिलं, आणि त्या गाण्याचं जे चित्र जगानं पाहिलं ते पुरुषांच्या दुखण्याचं होतं. ज्यांनी तिला पुढे ओढलं, ज्यांना त्यातून पैसा होता, ते कार्यालयात बसलेले लोक त्या चित्रात अगदी कोपऱ्यात आहेत. भांडण लागलं कोणात? कामाच्या जागी शेजारी शेजारी उभ्या असलेल्यांत. बिडी कारखान्यात, शाळेच्या स्टाफरूममध्ये, आपल्या संघटनांत आपण हे पाहिलेलं आहे. मालक कधी चित्रात नसतो.

टिकलीचं तर आलंच. टोनी कनालचे आईवडील भारतीय. त्याच्या घरी जाता येता ग्वेननं त्याच्या आईच्या कपाळावरची टिकली पाहिली आणि स्वतः लावायला लागली. 'जस्ट अ गर्ल'च्या चित्रफितीत ती आहे. बघता बघता अमेरिकेतल्या मुलींत ती फॅशन झाली. याच अमेरिकेत १९८७ साली न्यू जर्सीमध्ये 'डॉटबस्टर्स' नावाच्या टोळक्यानं, म्हणजे 'टिकल्या फोडणारे', भारतीयांना धमक्या दिल्या, हल्ले केले. त्याच वर्षी होबोकन गावात नवरोज मोदी या तरुणाला घोळक्यानं मारलं, त्यात तो गेला. दहा वर्षांत तोच ठिपका गोऱ्या कपाळावर शोभेचा झाला. पुढे २००४ साली या बाईनं स्वतंत्र गायिका म्हणून चार जपानी वंशाच्या नर्तकी स्वतःच्या मागे शोभेला उभ्या केल्या. तेव्हा पुष्कळांनी, त्यांत कोरियन वंशाच्या मार्गारेट चो या विनोदी कलावंतानं, खरमरीत टीका केली. ती टीका मला पटते. दुसऱ्याची खूण उचलायची आणि खुणेमागचं माणूस मागे ठेवायचं, ही खोड तिची जुनी आहे.

तरी "आमची संस्कृती चोरली" म्हणून गळा काढणाऱ्यांच्या रांगेत मी उभी राहणार नाही. आमची कोणती संस्कृती? जिनं नवरा मेल्यावर बाईच्या कपाळावरची टिकली पुसली, बांगड्या फोडल्या, ती? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीला ते थांबवायचा ठराव करायला २०२२ साल लागलं. टिकली बाईची आहे की तिच्या नवऱ्याची, हेच आपलं अजून ठरायचंय. ग्वेन स्टेफानीनं ती मैत्रीतून लावली की बाजारासाठी, हा वाद मग घालू.

आता कॅसेट.

१९९४ साली आमच्या गटानं आपल्या गाण्यांची कॅसेट काढायचं ठरवलं. वर्गणी जमवली, पुण्यात दोन दिवस स्टुडिओ भाड्यानं घेतला. बारा बायका एसटीनं गेलो, डबे घेऊन. त्यात आमची एक मावशी होती. चार घरची धुणीभांडी करायची, निरक्षर. पण मोर्चात चालता चालता ओव्या रचायची. दारूबंदीवर, रेशनवर, सुनेच्या पहिल्या पगारावर. अकरा गाण्यांपैकी निदान तीन तिचीच होती, पूर्ण. संगीत द्यायला एक सर होते, चळवळीचे मित्र, सज्जन, एक पैसा न घेता आलेले. त्यांनी पेटी धरली आणि म्हणाले, "मावशी, पट्टी सोडायची नाही." मावशीची पट्टी तिच्या जात्याची होती, ती पेटीत बसेना. मग तिची ओवी एका शिकलेल्या मुलीला गायला दिली आणि मावशीला कोरसमध्ये उभं केलं. मीटरमध्ये बसावं म्हणून सरांनी दोन ओळी बदलल्या. ज्या दोन बदलल्या त्यांत तिच्या गल्लीचं नाव होतं.

कॅसेट आली. चिठ्ठीवर सरांचं नाव होतं, संगीत म्हणून. ढोलकीवाल्याचं होतं. स्टुडिओचं होतं. आणि खाली: 'शब्द : पारंपरिक व सामूहिक.'

मावशीनं मला विचारलं, "पारंपरिक म्हंजी काय गं?"

मी म्हटलं, "म्हणजे कोणी केलं ते माहीत नाही असं. पूर्वीपासून चालत आलेलं."

ती म्हणाली, "मला म्हाईत हाय की. मी काय मेलेय का?"

तो मजकूर सरांनी लिहिला नव्हता. कंपनीनंही नव्हे, कारण कंपनी नव्हतीच. तो माझ्या हस्ताक्षरात प्रेसला गेला होता. मला तेव्हा त्यात काही चूक दिसली नव्हती. उलट अभिमान होता. चळवळीत नाव कशाला, गाणं सगळ्यांचं, 'मी' नको 'आम्ही' म्हणा. बैठकांत आम्ही हे एकमेकींना शिकवत होतो. फक्त त्या 'आम्ही'तून सरांचं नाव गळलं नाही, ढोलकीवाल्याचं गळलं नाही. गळली ती जिला वाचता येत नव्हतं तिची. काही वर्षांनी भाचीच्या कॅसेटची चिठ्ठी उलगडून मी का वाचत होते, ते आता कळलं असेल. कोट्यवधी रुपये कमावणाऱ्या, बाईचा चेहरा विकणाऱ्या, तिला कराराच्या खुंटीला बांधून ठेवणाऱ्या त्या बाजारू कंपनीनं गाण्याखाली बाईचं नाव छापलं होतं. कायद्यानं छापावं लागलं म्हणून असेल. पण छापलं होतं. आम्ही नाही.

म्हणून 'बाजारू' या शब्दावर मी त्या रात्री अडकले. बाजार बाईचं तोंड पुढे करतो आणि तिचा हात लपवतो. आणि आपण? आपण तोंड आणि हात दोन्ही कोरसमध्ये उभं केलं आणि त्याला समता म्हटलं. यावर पुष्कळ मैत्रिणी म्हणतील, नावाचा हव्यास हा मध्यमवर्गीय आहे. मी विचारते, तुमच्या पुस्तकावर तुमचं नाव आहे ना? या अंकातल्या लेखांवर आहे ना? मग ओवीवाल्या बाईलाच निरिच्छ व्हायला का सांगता?

आठ मार्चला 'जस्ट अ गर्ल' वाजवा, असं मी पुढच्या बैठकीत सांगितलं. पण वाजवण्याआधी माईकवरून सांगा की हे ग्वेन स्टेफानी आणि गिटार वाजवणाऱ्या टॉम ड्युमाँट यांनी मिळून रचलंय. टॉमचंही नाव घ्या, त्याचं ते आहेच. आणि त्याच्यानंतरच्या आपल्या प्रत्येक गाण्याआधी तेच करा. ज्येष्ठ मैत्रीण म्हणाली, "आपल्या गाण्यांची नावं आहेत कुठं?" बरोबरच आहे तिचं. बैठकीत सगळ्या गप्प बसल्या.

धाकटी आता ती जुनी कॅसेट मोबाईलवर ऐकता येईल अशी करते आहे. फीत बरीच खराब झालीय, दुसऱ्या बाजूला शेवटी नुसती घरघर आहे. मावशी जाऊन बरीच वर्षं झाली. तिचं पूर्ण नाव आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. ते तिच्या सुनेनं रेशनकार्ड काढून वाचून दाखवलं, आणि गाळलेल्या दोन ओळीही तिलाच येत होत्या, गल्लीच्या नावासकट. अकरापैकी पाच गाण्यांची नावं आतापर्यंत लागली आहेत. पहिल्या बाजूचं चौथं गाणं, विहिरीवरच्या बायकांचं, आमच्याकडे १९८९च्या सांगलीच्या शिबिरातून आलं, एवढंच आठवतं. ते रचणारी बाई मिरजेकडची होती असं एक म्हणते, जतची होती असं दुसरी. त्या शिबिराला ज्या गेल्या होत्या त्यांनी आठवून कळवावं. नवी चिठ्ठी अजून छापायला दिलेली नाही.